उंबऱ्याची वाळू

“नवसे, मीठ बरोबर हाय ना?”

पहिला घास उचलण्याआधी महादू रोज सुनेला हेच विचारी. गेल्या साली मुदतीच्या तापातून म्हातारा उठला, पण त्याची जीभ त्या तापातच राहिली. बोलायची नव्हे, चाखायची. आंबट काय, तिखट काय, त्याला सगळं भिजल्या भुशासारखं लागे. चुलीपुढून नवसी म्हणायची, “बरोबर हाय, मामंजी,” की मग म्हातारा मान हलवून जेवायला लागायचा.

शेजारची झुंबर कुडापलीकडून हसायची. “चाखते सून नि पोट भरतंय सासऱ्याचं. असलं घर बघितलं नाय बाय.”

“कीर्तनात झोपा काढतेस वाटतं,” महादू म्हणायचा. “रानातल्या म्हातारीनं बोरं आधी आपण चाखली, मग देवाला दिली. देवाला चाललं, तर मला का चालू नये?”

पाण्याचं मात्र तो कधी विचारत नसे. पाणी आपल्या विहिरीचं होतं, विहीर ओहोळाच्या काठची होती, आणि ते पाणी गोड होतं. सूर्य उगवला का, असं कोणी विचारतं का?

ओहोळ पूर्वेच्या डोंगरातून उतरायचा. पावसात असा गर्जायचा की वरून आगगाडी गेली तरी ऐकू येऊ नये. आणि दिवाळी सरली की अंग चोरून गोट्यांमधून बोटभर धारेनं वाहायचा. पाड्याच्या खाली, रूळ जिथे ओहोळ ओलांडून बोईसरकडे जात, तिथे रेल्वेचा जुना पूल होता. काळ्या दगडाचे खांब, त्यांवर शेवाळ आणि कालवांची खवलं. समुद्राची भरती तिथवर यायची, खांबांच्या पायाशी घुटमळायची आणि परत फिरायची. परत फिरायची, कारण पुलाच्या वरच्या अंगाला या काठापासून त्या काठापर्यंत वाळूचा एक रुंद, उंच पट्टा आडवा पडलेला होता. गाव त्याला उंबरा म्हणायचं. उंबऱ्याबाहेर खारं, उंबऱ्याआत गोडं.

घरचा उंबरा पुजावा तसा हा उंबरा गाव पुजायचं. दिवाळीनंतर धार बारीक झाली की सगळा पाडा खाली उतरायचा. उंबऱ्यावर तिवराच्या मेखा ठोकायच्या, पेंढा आणि चिकण चिखल घालून बांध बांधायचा. पहिली पाटी महादूच्या घरची. बायका हळद-कुंकू वाहायच्या, नारळ फुटायचा. मग बांधाआड गोडं पाणी साचायचं, त्या पाण्यावर विहीर पाझरायची आणि विहिरीवर महादूचा वालाचा मळा आणि अर्धा पाडा जगायचा. उंबरा ओलांडताना चपला हातात घ्यायच्या आणि उजवा पाय आधी टाकायचा, हे लेकरांना चालायला शिकवतानाच शिकवलं जाई.

चैत्रात मारुतीचा उत्सव. पालघरकडचे दिनानाथबुवा कीर्तनाला यायचे. बोईसरला गाडीतून उतरायचे आणि रुळाच्या कडेकडेनं, काखोटीला चिपळ्यांची पिशवी मारून, चालत यायचे. देवळात जाण्याआधी महादूच्या ओटीवर बसायचे. महादू स्वतः विहिरीवर जाऊन पोहरा सोडायचा, ताजं पाणी तांब्यात भरून द्यायचा. घटघट पिऊन बुवा उपरण्यानं ओठ पुसायचे आणि दरसाल तेच बोलायचे. “महादू, माझ्या गळ्यात निम्मी देवाची कृपा, निम्मं तुझ्या विहिरीचं पाणी.” ओटीवरची माणसं हसायची. महादू उरलेलं पाणी तुळशीत ओतायचा. त्याच्या घरात सोनं नव्हतं, शेत टीचभर होतं. पण वर्षातून एकदा हे एवढं वाक्य त्याच्या घरात यायचं, आणि त्यावर तो वर्ष काढायचा.

चौसष्ट सालचा पाऊस सरला आणि जुन्या पुलाशेजारी नव्या पुलाचं काम निघालं. जुना थकला, म्हणे. तिकडे तारापूरच्या किनाऱ्यावर सरकारचं विजेचं मोठं काम सुरू झालं होतं. माणसांची, लोखंडाची ये-जा वाढली होती. पाड्याचा सगळा धडधाकट हात पुलावर लागला. नवसीचा नवरा जिवल्या काँक्रीट कालवायला गेला. घराचं छप्पर गवती होतं, त्यावर कौलं घालायची दोघांच्या मनात होती. म्हणून नवसीही डोक्यावर चुंबळ ठेवून वाळू वाहायला गेली.

मुकादम चंद्रभान, नगरकडचा. उंच, वाळका, डोळे कायम उन्हात बारीक केलेले. पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर संकट आलं. पुलाखालून आणलेली वाळू साहेबानं ढीगच्या ढीग परत लावली. खारी वाळू चालत नाही, काँक्रीटमधल्या सळया गंजतात.

“आता वाळूला ईचारू का, बाई तू खारी का गोडी?” चंद्रभान कपाळाला हात लावून म्हणाला. चिमूटभर वाळू त्यानं स्वतःच्या जिभेवर ठेवून बघितली आणि थुंकला. “तंबाखूनं जीभ भाजल्याली. मला सगळी वाळू तंबाखूच लागती.”

बायका पाट्या टेकून हसायला लागल्या. झुंबरनं नवसीला पुढं ढकललं. “हिची जीभ घ्या, मुकादम. घरात दोन माणसांचं ही एकटी चाखते.”

नवसीनं वाकून चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. रेतीचे कण, मग मागाहून हळूच येणारी खारट धार. थुंकून म्हणाली, “खारी हाय.” चार पावलं वर जाऊन दुसरी चिमूट घेतली. “ही कमी खारी.” चंद्रभाननं डोळे आणखी बारीक केले.

तेव्हापासून नवसीच्या डोक्यावरची पाटी उतरली. सकाळी ती काठी घेऊन पुढे चालायची, ठिकठिकाणी वाळू चाखायची आणि गोडी लागेल तिथे काठी रोवायची. मागून फावडी पडायची, पाट्या भरायच्या. बायका चेष्टा करायच्या. “नवसीबाय, आजची वाळू शिजली का बरोबर?” “जिरं कमी हाय काय गं?” तीही हसायची. पण मनातून तिला बरं वाटायचं. चूल, भांडी, लावणी, झोडणी, या सगळ्यात तिच्या अंगाची कोणी आजवर वाखाणणी केली नव्हती. आणि इथे नगरकडचा परका माणूस चारचौघांत म्हणायचा, “बाई, तुमच्या जिभंवर पूल उभा हाय.”

संध्याकाळी जेवताना दातांत वाळू कचकचायची. कितीही चुळा भरल्या तरी हिरड्यांच्या फटीत कण राहायचे. जिभेचं टोक सोलवटून लाल झालं होतं. तरी सासऱ्याचं मीठ ती बिनचूक सांगायची.

खालची गोडी वाळू संपत आली तशी काठी वर वर सरकत गेली. जुन्या पुलाखालून वर. मग उंबऱ्याच्या बाहेरच्या उतारावर. आणि एक दिवस नवसी उंबऱ्यावरच उभी राहिली. पायांत चपला नव्हत्याच. उजवा पाय आधी टाकला होता, सवयीनं. चिमूट जिभेवर ठेवली. थंड, स्वच्छ, पावसात धुतलेली वाळू. खारटपणाचा मागमूस नाही. डोंगराचा वास होता तिला.

“काय म्हंती जीभ?” मागून चंद्रभाननं विचारलं.

नवसीनं काठी रोवली नाही. “हा आमचा उंबरा हाय, मुकादम.”

“आता वाळूलाबी उंबरा आस्तो व्हय? खारी का गोडी, तेवढं सांगा. वर सायेब वाट बघतुय.”

खोटं बोलायला तिला जमलं असतं. खारी हाय, म्हणून थुंकली असती तर कोण तपासायला येणार होतं? पण जिभेनं जे सांगितलं ते बोलायची तिला सवय होती.

“गोडी हाय,” ती म्हणाली.

फावडी वाजायला लागली.

त्या दिवशी महादू जेवायला बसला तो मीठ न विचारताच. ताटावर हात तसाच ठेवून म्हणाला, “उंबऱ्यावर फावडं पडलं म्हणतात.”

“पडलं तर काय झालं?” जिवल्या म्हणाला. त्याच्या हातांना सिमेंटच्या भेगा पडल्या होत्या. भाकरी मोडताना तो तोंड वाकडं करत होता. “मारुतीचं देऊळ बांधलं तेव्हा वाळू कुठून नेली? उंबऱ्यातनंच. तुमीच तर सांगता. पाऊस आला नि ओहोळानं होती तेवढी परत आणून टाकली.”

ते खरं होतं. पाड्याची तशी श्रद्धाच होती. ओहोळ उसनं ठेवत नाही. घराला न्या, देवाला न्या, तो पुढच्या पावसात डोंगरातून आणून भरून देतो. पिढ्यान् पिढ्या त्यानं दिलं होतं. पिढ्यान् पिढ्या माणसांनी नेली होती ती पाटीनं आणि गरजेपुरती. पूल काय पितो हे कुणी पाहिलं नव्हतं.

“देतो तो परत,” म्हातारा शेवटी म्हणाला. “नाय कोण म्हणतंय. पण बांध बांधायच्या आत हात आवरा. उंबरा नसला तर बांध काय पान्यावर बांधायचा?”

“सांगते मुकादमाला,” नवसी म्हणाली. तिनं सांगितलंही. चंद्रभान “व्हय व्हय” म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी काठी कुठे रोवायची ते विचारत पुढे आला.

बांधाचा दिवस आला. महादूनं पहाटेच हाळी दिली. घराघरांतून माणसं बाहेर पडली, पण पाट्या घेऊन पुलाच्या वाटेला लागली. “काका, सुट्टीच्या दिवशी बघू.” “महादूबाबा, आज मोठं काँक्रीट हाय, खाडा धरतील.” म्हातारा काठावर उभा राहिला आणि माणसं त्याच्या बाजूनं, नजर चुकवून उतरत गेली. मग त्यानं धोतर खोचलं आणि एकटाच मेखा ठोकायला लागला.

दिवसभर नवसी वाळू चाखत होती आणि तिकडे बघत होती. म्हातारा मेख धरायचा, घण उचलायचा, घाव चुकायचा. पूर्वी मेख कंबरभर वाळूत जाऊन घट्ट बसायची. आता हातभर जाऊन खाली मऊ चिखलात डुलत राहायची. पुलावरचे परगावचे गडी वरून ओरडले, “म्हातारबा, मासं धरताय का?” खालून पाड्याचीही दोन-तीन माणसं हसली. जिवल्याही त्यांतच उभा होता. तो हसला नाही, पण खाली उतरलाही नाही.

सांज पडता काम सुटलं तशी नवसी धावत गेली. गुडघाभर चिखलात उतरून ती पेंढा दाबायला लागली, चिखल थापायला लागली. झुंबरही आली. तिघांनी मिळून बांध कसाबसा या काठाचा त्या काठाला लावला. महादूनं नारळ फोडला. त्याच्या तळहातांचं कातडं निघालं होतं, नारळावर रक्ताचे डाग पडले.

“झाला,” तो म्हणाला. “देवाची राखण हाय.” आणि उजवा पाय आधी टाकून उंबरा ओलांडला. ओलांडण्याइतका उंचवटा आता तिथे उरला नव्हता. तरी त्यानं पाय उचलला, पूर्वी उचलायचा तेवढाच.

पौष निघाला. नवे खांब पाण्याबाहेर आले, पांढरे, गुळगुळीत, जुन्या काळ्या खांबांपेक्षा उंच. माघी पुनवेच्या सकाळी नवसी दात घासायला काठावर आली आणि जागीच उभी राहिली. रात्रीच्या उधाणानं बांध नेला होता. एखाद्दुसरी मेख तिरकी उभी होती, तिला पेंढ्याची जटा लोंबत होती. भरतीचं गढूळ पाणी विहिरीच्या काठापर्यंत येऊन गेलं होतं आणि जाताना पांढरट फेसाची रेघ ठेवून गेलं होतं. उंबऱ्याच्या जागी सरळ, खोल पाणी होतं. त्यात नव्या पुलाची सावली पडली होती.

महादू तिच्या मागून आला. “बांध गेला. बांधाचं काय, पुढच्या साली पुन्हा बांधू,” तो म्हणाला. “विहीर तर हाय.”

तो मळ्याकडे गेला तसा नवसीनं पोहरा सोडला. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि धरून ठेवलं. रेतीचे कण नव्हते. मागाहून हळूच येणारी धार मात्र तीच होती, पुलाखालच्या वाळूची.

तिनं पाणी गिळलं. थुंकायला तिला धीर झाला नाही.

मामंजींना सांगायचं, असं तिनं ठरवलं. जेवणाच्या वेळी सांगायचं ठरवलं. पण त्यानं भाताचा घास उचलला आणि विचारलं, “नवसे, मीठ बरोबर हाय ना?” आणि तिच्या तोंडून रोजचं तेच गेलं, “बरोबर हाय, मामंजी.” त्या दिवशी भातात तिनं मीठ घातलंच नव्हतं. पाण्यातच होतं.

मग पाणी पुलापलीकडून यायला लागलं. पलीकडच्या टेकाडावर वाडी होती, तिची विहीर उंचावर असल्यानं वाचली होती. तिकडे जायला वाट एकच, जुना पूल. पहाटे, म्हातारा उठायच्या आत, नवसी डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन पुलावर चढायची. लाकडी स्लीपरांवरून पाय टाकत जायचं. मधल्या फटींतून खाली पाणी हलताना दिसायचं. पुलाच्या मधोमध रूळ तपासणाऱ्या गँगवाल्यांना उभं राहायला लोखंडी सज्जा होता. गाडी आली की त्यात शिरायचं, कठड्याला पाठ लावून डोळे मिटायचे. मालगाडी जाताना सगळा पूल दातांत थरथरायचा. वाऱ्यानं हंड्यातलं पाणी उडून पाठीवरून खाली ओघळायचं. ते जायचं त्याचंच तिला वाईट वाटायचं.

वाडीवरच्या बायका पाणी द्यायच्या, पण बोलून द्यायच्या. “तुमच्या विहिरीचं पानी आमची माणसं सणाला नेत होती गं. आता तू आमचं नेतेस?” नवसी हसल्यासारखं करायची. एकजण म्हणाली, “पूल जेवला ना तुमची वाळू. आता पुलालाच सांगा पानी पाजायला.”

पाड्यावर सगळ्यांना माहीत झालं होतं. सगळ्याच बायका पूल ओलांडत होत्या. पण महादूला कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण? ज्यानं तोंड उघडावं त्याच्याच हाताला उंबऱ्याची वाळू लागली होती.

“हल्ली विहिरीवर कोन येत नाय,” म्हातारा एकदा म्हणाला.

“कामावर असतात सगळ्या,” नवसी म्हणाली.

वालाच्या वेलांची पानं कडेनं जळायला लागली. महादू पान हातात घेऊन उजेडात धरायचा. “कीड म्हणावी तर कीड नाय. ऊन म्हणावं तर ऊन असं कुठलं?” आणि संध्याकाळी विहिरीचं आणखी पाणी काढून वेलांना घालायचा. रहाट कुरकुरायचा. दोनदा ती मळ्याच्या बांधावर गेली, तोंड उघडलं आणि “मामंजी, जेवायला चला” म्हणून परत आली. फाल्गुनात मळा बसला. म्हाताऱ्यानं वेल उपटून ढीग केला आणि त्याच्या कडेला उकिडवा बसून राहिला, मयताच्या शेजारी बसतात तसा.

“एका जागचं पीक थकतं कधी कधी,” तो नवसीला म्हणाला. तिचीच समजूत घालत होता.

जिवल्या त्याच सुमारास तारापुराकडच्या कामाला गेला. तिथे राहायला पत्र्याची खोली होती, नळ होता. निघताना त्यानं नवसीला बाजूला घेतलं. “बाबाला सांगून टाक नि दोघं तिकडं या. हितं काय राहिलंय?”

“तुमी सांगा,” नवसी म्हणाली.

तो पिशवी उचलून चालू लागला.

चैत्र आला. मारुतीच्या देवळाला चुना लागला, पताका लागल्या. उत्सवाच्या दिवशी पहाटे तिनं पलीकडून पाणी आणलं, घासून लख्ख केलेला तांब्या भरला, वर तुळशीचं पान टाकलं आणि ओटीवर झाकून ठेवला.

दिनानाथबुवा उन्हं वर यायच्या सुमाराला आले. थकलेले, घामानं निथळलेले. पाड्याची माणसं ओटीवर जमली. झुंबर दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. नवसीनं तांब्या पुढे केला.

“हे कधीचं?” महादूनं विचारलं.

“मघाचंच हाय, मामंजी. ताजं.”

“बुवाला झाकून ठेवलेलं पानी देतात काय?” म्हाताऱ्यानं तांब्या तिच्या हातातून घेतला आणि पाणी अंगणात भिरकावलं. पूल ओलांडून आणलेलं पाणी धुळीत लाल होऊन जिरलं. “मी काढतो. बसा बुवा.”

ओटीवर कोणी हललं नाही. रहाटाची कुरकुर ऐकू आली, पोहऱ्याचा आवाज, पाणी सांडल्याचा आवाज. नवसीला वाटलं, आता धावत जावं आणि दोर धरावा. पाय उचलले नाहीत. तोंड उघडलं तर आतून वाळूच येईल, असं तिला झालं होतं.

महादू दोन्ही हातांनी तांब्या घेऊन आला. बुवांनी डोळ्याला लावला आणि तोंडाला लावला. पहिल्या घोटाला त्यांचा कंठ थांबला. वर धरलेल्या तांब्याआडून त्यांनी एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं. मग पुन्हा कंठ हलायला लागला. घोट, घोट, घोट. तांब्या रिकामा झाला.

“अजून घाल,” बुवा म्हणाले.

महादूनं विहिरीवरच्या पोहऱ्यातून पुन्हा भरून आणला. बुवा अर्धा तांब्या प्यायले. उपरण्यानं ओठ पुसले. आणि तांब्या महादूच्या हातात दिला.

महादू उभा होता. हातात उरलेल्या पाण्याचा तांब्या, मान जराशी पुढे, हसण्याच्या तयारीत असलेलं तोंड. वर्षाचं वाक्य यायचं होतं. पताकेच्या कागदाची फडफड ऐकू येत होती.

“बुवा,” तो म्हणाला, “काय बोललात नाय.”

दिनानाथबुवांनी त्याच्या गुडघ्याला हात लावला. “तहान भागली, महादू.”

म्हाताऱ्यानं तांब्यात बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. काहीच नाही, भिजला भुसा. त्यानं ओटीवरच्या एकेकाकडे बघितलं. जो तो जमिनीकडे बघत होता.

“नवसे,” त्यानं हाक मारली. “हिकडे ये. चाख.”

ती आली. एक घोट घेतला. माघातल्यापेक्षा जास्तच खारं होतं.

“खारं हाय, मामंजी.”

“कधीधरनं?”

“माघी पुनवेधरनं.”

“मग मी काय पीत होतो?”

“पलीकडचं. वाडीवरचं आनत होते.”

म्हाताऱ्यानं मान हलवली, जेवायच्या आधी हलवायचा तशीच. “आनि मी रोज विचारत होतो तुला,” तो म्हणाला. एवढंच. आवाज चढला नाही. चढला असता तर नवसीला बरं झालं असतं.

तो तुळशीकडे गेला, सवयीनं. तांब्या कलता केला आणि हात तसाच राहिला. तुळस चैत्रातही हिरवीगार होती. तिला नवसी पलीकडचंच पाणी घालत होती. म्हातारा वळला, अंगण ओलांडलं, काठ उतरला. ओहोळात, उंबरा होता त्या जागी, त्यानं तांब्या उपडा केला.

त्या संध्याकाळी कीर्तन झालं. बुवांचा आवाज पहिल्या अभंगाला बसला, खरखरला, पण ते थांबले नाहीत. मागे टाळकऱ्यांत महादू दरसालच्या जागी उभा होता आणि त्याचा टाळ एकदाही चुकला नाही. आख्यान त्या रानातल्या म्हातारीचंच लागलं. देवानं उष्टी बोरं खाल्ली तिथे बुवा आले, आणि नेहमी हात उंचावून म्हणायचे ते वाक्य त्यांनी हळूच म्हटलं. बोरं गोड होती की नाही, हे देवानं सांगितलं नाही. त्यानं ती खाल्ली. बायकांत बसलेल्या नवसीनं पदराचा बोळा तोंडात धरला.

वैशाखात नवा पूल झाला. फुलांची माळ घातलेलं इंजिन त्यावरून शिटी वाजवत गेलं, माणसांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रभाननं सामान बांधलं. जाताना तो नवसीच्या अंगणात आला, उभ्या उभ्या म्हणाला, “बाई, आमच्या गावाकडं नदीच न्हाई. मला कसं कळावं?” आणि उत्तराची वाट न बघता गेला.

पुलाच्या पायथ्याला वाळूचा एक ढीग उरला होता. कोणाच्या कामाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागल्यावर नवसीनं पाटी घेतली, चुंबळ घेतली. ढिगातली वाळू भरली, काठाकाठानं वर आली आणि उंबरा होता तिथे पाण्यात ओतली. वाळू पसरली, गढूळ झाली, तळाला गेली. पुन्हा गेली, पुन्हा आणली. झुंबर काठावरून बघत होती. “अगं भरती नेईल ती, वेडे,” ती म्हणाली. नवसीनं ऐकलं आणि तिसरी पाटी ओतली.

महादू कधी येऊन काठावरच्या दगडावर बसला ते तिला कळलं नाही. उत्सवाच्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. जेवताना मीठ विचारणं त्यानं सोडलं होतं. ती पाटी घेऊन समोर आली तसा त्यानं हात वर केला. ती थांबली. मानेवरून घाम उतरत होता, पाटीतून पाणी गळत होतं.

म्हाताऱ्यानं पाटीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“चाखून आनलीस का?” त्यानं विचारलं.

नवसीनं होकाराची मान हलवली.

“काय म्हणते?”

“गोडी हाय, मामंजी.”

“मग घाल,” महादू म्हणाला आणि जागेवरून उठला. धोतर खोचून तो पाण्यात उतरला, उजवा पाय आधी टाकून, आणि पाटी धरायला त्यानं दोन्ही हात पुढे केले. डोक्यावरून, नव्या पुलावरून, गाडी गेली. खाली भरतीचं पाणी वळून येऊ लागलं होतं.